अडीचशेचा पाईप

माझ्या थोरल्या भावाच्या बायकोला गावाने चोर ठरवलं, तेव्हा त्यामागे एक आकडा होता. नुसत्या संशयावर ठरवलं असतं तर मी लक्ष दिलं नसतं. आमच्या गावात कोणी ना कोणी कोणाला तरी चोर म्हणत असतंच. पण आकडा आला की गोष्ट माझ्या कामात शिरते. पाईपातून जाणारं पाणी मोजणं हा माझा धंदा आहे.

माझं माहेर गोव्यातलं, पेडण्याचं; सासर डिचोलीचं. लग्नानंतर एका खाणीच्या उपकरण विभागात नोकरी केली. खाणी बंद पडल्यावर बाकीचे वाट बघत बसले, मी दुसरं काम शोधलं. आता एका लहान एजन्सीचं मोजणीचं काम सांभाळते. पाईप न कापता, बाहेरून दोन सेन्सर चिकटवून पाणी मोजायचं मशीन आमच्याकडे आहे. एक सेन्सर कानाला न ऐकू येणारा आवाज सोडतो. तो पाण्यातून जातो, समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि दुसरा सेन्सर त्याला पकडतो. मग तेच उलट. प्रवाहाबरोबर जाताना आवाजाला कमी वेळ लागतो, प्रवाहाविरुद्ध जास्त. त्या फरकावरून वेग निघतो आणि वेगावरून पाणी.

सगळी गोम दोन सेन्सरांमधल्या अंतरात असते. किती अंतर ठेवायचं ते मशीनच सांगतं, पण त्याआधी त्याला पाईपाची बाहेरची रुंदी आणि जाडी सांगावी लागते. आपण चुकीचं सांगितलं तर मशीन चुकीच्या पाईपासाठीचं अंतर देतं, आणि तेही तेवढ्याच ठामपणे देतं. मशीनला शंका येत नाही. ती माणसाने घ्यायची असते.

वहिनी सिंधुदुर्गातली, सावंतवाडीकडची. दादा टिपर चालवायचा, काविळीने गेला. मूलबाळ नव्हतं. तेराव्यानंतर महिना झाला नसेल, तिची पेटी आतल्या खोलीतून ओसरीवर आली. पेटी कोणी आणली ते कोणी बोललं नाही. मग आईने तिला विचारलं, "माहेराक कोण आसा गो तुझ्या?" वहिनी म्हणाली, कोणी नाही. आई म्हणाली, "बघ तर. कोण ना कोण आसतलाच."

तिने गावाबाहेरच्या पंपघरात कंत्राटदाराकडे काम धरलं. मोटार चालू-बंद करायची, वरचा आणि खालचा अशा दोन वाड्यांचे, म्हणजे वस्त्यांचे, वॉल्व पाळीप्रमाणे फिरवायचे, टँकर भरायच्या नळाची किल्ली सांभाळायची. पंपघराच्या मागे एक खोली होती, तीच तिचं घर झाली. काम गेलं असतं तर खोलीही गेली असती, आणि त्यापुढे तिला जायला जागा नव्हती. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आईला तर जास्तच.

माझा धाकटा भाऊ पंच आहे; घर वरच्या वाड्यात, मतं दोन्ही वाड्यांत. त्या उन्हाळ्यात खालच्या वाड्याला पाणी पुरेना, तेव्हा त्याने अर्ज केला. पाणीपुरवठ्याचे सहायक अभियंता आले. फोंड्याकडचे, वयाने माझ्याहून बरेच लहान, कार्यालयात नवीनच आलेलं मशीन घेऊन. त्यांनी पंपघरातून बाहेर पडणाऱ्या पाईपावर सेन्सर लावून पाणी मोजलं आणि शुद्धीकरण प्रकल्पावरच्या मीटरशी ताळा केला. तिकडून जेवढं पाणी सुटलं त्याचा जवळजवळ सहावा हिस्सा इथे येईपर्यंत नाहीसा झालेला. मधे घर नाही, जोड नाही, कुठे गळती नाही. मधे फक्त पंपघर, तिथला टँकरचा नळ आणि त्याची किल्ली ठेवणारी बाई.

झालं. ती किनाऱ्यावरच्या हॉटेलांना टँकर विकते, हे दुपारपर्यंत गावभर झालं. टँकर कोणी बघितला नव्हता. तो रात्रीचा येतो, मग दिसणार कसा, असं त्यावरही उत्तर होतं. पाव विकणाऱ्या पोदेराने तिच्या दारात सायकल थांबवणं सोडलं. पाव घ्यायला ती रस्त्यावर येऊन उभी राहायची आणि तो घंटा वाजवत पुढे जायचा. काल वयनी म्हणणारी माणसं तिला "ती बाई" म्हणायला लागली. कंत्राटदाराने तिला काढायचं पत्र तयार केलं. पण वरच्या साहेबांनी शेरा मारला: कारवाईपूर्वी बाहेरच्या एजन्सीकडून फेरमोजणी करून घ्यावी.

मधे चवथ आली. मी दरवर्षीप्रमाणे पहिल्या दिवशी माहेरी गेले. गणपतीवर टांगायची फळांची माटोळी बांधायचं काम चालू होतं. सुपाऱ्यांचे घड, नारळ, तोरिंगं, आंब्याचे टाळे सगळं खाली पसरलेलं. घरातून काढली तरी थोरली सून म्हणून वहिनी दर चवथीला माटोळीसाठी काहीतरी आणायची आणि आई ते न बोलता घ्यायची. त्या वर्षी तिने रानातून कवंडळाची फळं आणली होती, लाल, टपोरी. ती पायरीखाली उभी राहिली. आई दारातून हलली नाही.

"व्हर परत. चोरलेल्या पाण्यार वाडलेलां आमच्या देवाक नाका."

कवंडळं रानात वाढतात, पावसावर. त्यांना कोणी पाणी घालत नाही. हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. धाकटा भाऊ शिडीवर सुतळी बांधत होता, तो हसला. वहिनीने कवंडळं पायरीवर ठेवली आणि गेली. संध्याकाळी आईने ती झाडूने अंगणात लोटली. मी तिथे होते, करंज्यांचं सारण हलवत.

फेरमोजणीचं काम आमच्या एजन्सीकडे आलं. मी अभियंत्याला फोन केला आणि पहिल्याच वाक्यात सांगितलं की ऑपरेटर माझी भावजय लागते, माणूस बदला.

"मी पंचांशी बोललो, मॅडम," ते म्हणाले. "ते म्हणाले, आमची ताईच चालेल. घरात त्या बाईचं तोंड कोण बघत नाही, त्यामुळे पक्षपाताचा प्रश्नच येत नाही."

"असं म्हणाला?"

"गावाचाही तुमच्यावर विश्वास आहे. त्याच कारणासाठी."

अशा कारणाने माझ्यावर विश्वास ठेवल्याची ही पहिलीच वेळ होती. मी काम घेतलं. दुसरा कोणी गेला असता तर त्याने काय केलं असतं ते मला ठाऊक होतं: कार्यालयाच्या फाईलमधून पाईपाची मापं उतरवून घेतली असती, कारण फाईल उघडणं सोपं आणि पाईप खरवडणं कष्टाचं.

मी निघण्यापूर्वी सामान नेहमी एका क्रमाने भरते: वायर ब्रश, पॉलिश पेपर, कोरडं फडकं, सेन्सरला लावायचं जेल, पट्टे, पोलादी पट्टी, लांब कागदाची गुंडाळी, जाडी मोजायचं यंत्र, आणि सगळ्यात शेवटी मशीन. मशीन शेवटी भरलं की बाकीच्याची आठवण राहते. लोक मशीन आधी घेतात आणि मग पाईपावर थुंकी लावून काम भागवतात.

पंपघरावर पोचले तेव्हा जत्रा भरलेली होती. धाकटा भाऊ पांढऱ्या पँटीत, अभियंता, आणि दोन्ही वाड्यांतले पुरुष कंपाउंडच्या भिंतीवर ओळीने बसलेले. वहिनी मोटारीजवळ उभी होती. मोजणी चालू असताना मोटार एकसारखी चालायला हवी, म्हणून तिला तिथे थांबायला सांगितलं होतं. तिने माझ्याकडे एकदाच बघितलं. नमस्कार नाही, काही नाही.

"आज टँकर येवचो ना मगे?" भिंतीवरून एकाने विचारलं.

"ना रे. आज वार्षिक तपासणी. सुट्टी दिल्या तेका."

"पगारी?"

"पगारी कशी ना! हॉटेलवालो दिता न्हय!"

भिंत हसली. वहिनी मोटारीच्या आवाजाकडे कान देऊन उभी राहिली, जणू बोलणारी ती मोटारच होती.

पाईप जमिनीपासून हातभर वर, सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवलेला. हिरव्या रंगाचे थरावर थर. मी आधी सरळ तुकडा निवडला, वळणापासून आणि वॉल्वपासून लांब, कारण वळणाजवळ पाणी घुसळलेलं असतं आणि मशीन गोंधळतं. मग रंग खरवडायला घेतला. अभियंत्याच्या जुन्या खुणा तशाच होत्या: जेलचे दोन वाळलेले डाग, तेही रंगावरच. रंग न काढताच सेन्सर लावले होते.

पाईपाभोवती कागद गुंडाळायला पलीकडून एका हाताची गरज होती. पाईपाखाली चिखल होता. मी भिंतीकडे बघितलं. कोणी उठलं नाही.

"वयनी, हे टोक धर."

"ताई," धाकटा भाऊ पुढे आला, "तिच्या हातात कित्याक दितंय? उद्या लोक बोलतले."

"मग तू ये खाली. चिखल आसा."

त्याने पँटीकडे बघितलं आणि तिथेच थांबला. वहिनी चिखलात गुडघ्यावर बसली. मी कागद पाईपाभोवती घट्ट फिरवला, एकावर एक आला तिथे पेन्सिलीने रेघ मारली, मग तो ठोकळ्यावर सरळ पसरून पोलादी पट्टीने मोजला. त्याला ढोबळ बावीस सप्तमांशाने नाही, नीट पायने भागलं. बाहेरची रुंदी दोनशे त्र्याहत्तर मिलिमीटर.

"मॅडम, पाईप अडीचशेचा आहे," अभियंता म्हणाले. "फाईलला आहे."

"फाईलला असेल. पाईपाला नाही."

"सगळे अडीचशेचाच म्हणतात."

"हो ना. म्हणूनच म्हणते."

मला तो पाईप बघताक्षणीच कळायला हवा होता, पण रंगाखाली ओळखू आला नव्हता. खरवडल्यावर कडेला पांढऱ्या रंगाचा तीनचा आकडा दिसला. हा खाणीचा पाईप होता, आमच्या डिचोलीकडचा. खाणी बंद पडल्यावर कंत्राटदारांनी असे पाईप मोडीत उचलले आणि सरकारी कामांत घातले. खाणीत त्याला दहा इंची म्हणतात. दहा इंच हे त्याचं नाव, माप नव्हे; बाहेरून तो पावणेअकरा इंच भरतो. खाणीत हे प्रत्येक फिटर जाणतो, म्हणून कोणी बोलत नाही. पाईप पेडण्यात आला, त्याच्याबरोबर नाव आलं, आणि ते जाणणारी माणसं मागे राहिली. कार्यालयात कोणीतरी दहाला पंचवीसने गुणलं, अडीचशे लिहिलं. त्यानंतर पाईपाला कोणी हात लावला नाही, सगळ्यांनी फाईलला लावला.

पांढऱ्या तीनचा अर्थ दुसराच. खाणीच्या खड्ड्यातलं पाणी उपसताना त्याबरोबर माती आणि खडी तळाने घासत जाते. पाईप तळाला झिजतो, वरून शाबूत राहतो. मग तो टाकून न देता पाव वळसा फिरवतात, म्हणजे न झिजलेली बाजू तळाला येते, आणि कितव्यांदा फिरवला तो आकडा कडेला घालतात. हा तीनदा फिरवलेला होता. त्याची जाडी चारी बाजूंना वेगवेगळी. पुस्तकातली जाडी घालून उपयोग नव्हता. घड्याळात तीन वाजता काटा असतो त्या बाजूला सेन्सर बसवायचे, कारण वर हवा साठते आणि खाली गाळ. तिथली जाडी मी यंत्राने घेतली, समोरचीही घेतली, आणि मशीनला दिली.

मशीनने अंतर सांगितलं. पट्टीने ते मोजून खुणा केल्या. नवी खूण अभियंत्याच्या डागाच्या पुढे साधारण एक बोट गेली. एक बोट. त्यांनाही त्या दिवशी मशीनने सांगितलेल्या जागी आवाज नीट मिळाला नसणार. मग सेन्सर थोडा इकडे, थोडा तिकडे सरकवत पडद्यावर काहीतरी आकडा उमटेपर्यंत सरकवला असणार. आकडा उमटला की लोक थांबतात. आवाजाला गणिताने किती वेळ लागायला हवा आणि प्रत्यक्षात किती लागतोय, हे दाखवणारं एक पान त्याच मशीनमध्ये असतं. ते प्रमाण शंभराच्या आसपास नसेल तर पुढचा आकडा कचऱ्यात टाकायचा. मी त्यांना ते पान उघडून दाखवलं.

"हे पान मी बघितलं नव्हतं," ते हळूच म्हणाले.

मी जेल लावलं, पट्टे आवळले. आवाज चांगला आला, प्रमाण शंभरावर स्थिर झालं. पाणी मोजायला घेतलं, प्रकल्पावरच्या माणसाला फोन लावून त्याच वेळचा त्याचा आकडा घेतला. थोडं थांबून पुन्हा दोन्ही घेतले. मग पुन्हा. दोन्हीकडचे आकडे जुळत होते. चोरी झालेली नव्हती. पाईप लहान धरला होता, म्हणून पाणी कमी दिसलं होतं. नाहीसा झालेला सहावा हिस्सा अडीचशे आणि दोनशे त्र्याहत्तरच्या मधे होता.

मी ते मोठ्याने सांगितलं, भिंतीला ऐकू जाईल असं. पाणी पूर्ण येतंय. पंपघरातून एक थेंब गेलेला नाही.

कोणाला आनंद झाला नाही. माझी तशी अपेक्षाही नव्हती, पण चेहरे इतके पडतील असं वाटलं नव्हतं.

"मगे खालच्या वाड्याचां पाणी खंय गेलां?" धाकटा भाऊ म्हणाला.

"वरच्या वाड्यात घराघरांनी नळाला मोटार लावली आसा. पाणी सुटलं की तीं ओढून घेतात. खाली उरत नाही."

"कोणाच्या घरात लावल्या? नाव सांग."

"आपल्या. मी चवथीला आवाज ऐकलाय."

भिंतीवर बसलेल्यांपैकी वरच्या वाड्यातली माणसं एकदम चपला शोधायला लागली. खालच्या वाड्यातला एकजण बोलला, पण माझ्या भावाशी नाही, त्याच्याशी वैर परवडण्यासारखं नव्हतं. तो चिखलाने भरलेल्या वहिनीकडे वळला.

"तूच सांगलंय न्हय हिका? कोणाकडे मोटार, कोणाकडे ना. चाडी करूक बरी येता तुका."

सकाळी चोर होती ती दुपारी चहाडखोर झाली. मधला काळ फार तर भांडं विसळण्याएवढा.

अभियंता माझ्याबरोबर गाडीपर्यंत आले. "मॅडम, रिपोर्टात माझं जुनं रीडिंग नका घालू. तफावत आढळली नाही, एवढंच लिहा."

"जुनं का चुकलं ते लिहिलं नाही तर नवं खरं कशावरून?"

"तुम्ही लिहिणार?"

"माप लिहीन. तुमचं नाव लिहायचं कारण नाही."

ते मान हलवून गेले. पत्र मागे घेण्यात आलं. वहिनीचं काम राहिलं.

मी जेवायला घरी गेले. बातमी माझ्याआधी पोचली होती. आईने ताट वाढलं, बांगड्याची आमटी, भात, आणि समोर बसली.

"भावाची शरम काढलंय चार माणसांत."

"आकडा तसा आला."

"आकडो! आकड्याक आवय ना, भाव ना." तिने माझ्या पानात आणखी भात टाकला, मी नको म्हणत असताना. "एक बोट हयसर-थयसर केला आसतंय तर काय जाता होता?"

"ती रस्त्यावर आली असती."

"आता म्हालात आसा काय?"

मी जेवले आणि ताट घासून ठेवलं. आईशी वाद घालून कधी काही निघालं नाही, आणि दुपारनंतर मला डिचोलीत दुसरं काम होतं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण माझा भाऊ पंच आहे तो उगाच नाही. पुढच्या ग्रामसभेत तो उभा राहिला आणि त्याने माझ्या रिपोर्टाचं कौतुक केलं. आमच्या ताईने दाखवून दिलंय, तो म्हणाला, की पाणी थेंबाथेंबाने मोजता येतं. मग संशय हवाच कशाला? पंपघरावर कायमचं मशीन बसवूया. मोटार आपोआप चालू, आपोआप बंद, वॉल्वही बटणावर. माणसाच्या हातात काहीच नको. माणूस आला की बोलणं आलं.

ठराव एकमताने झाला. खालच्या वाड्याने हात वर केला, वरच्याने केला. घराघरांतल्या मोटारींचा विषय निघाला नाही. अभियंत्याने प्रस्तावाला माझा रिपोर्ट जोडला, कारण बाहेरून बसवलेल्या सेन्सरांनी नेमकी मोजणी होते याचा तो तयार पुरावा होता. काम आमच्याच एजन्सीला मिळालं. पाईपाची खरी मापं आमच्याकडेच होती.

मी नाही म्हणू शकले असते. त्याने काय झालं असतं? दुसऱ्या एजन्सीचा माणूस आला असता, त्याने फाईल उघडली असती, अडीचशे घातलं असतं. वहिनी तरीही गेली असती, आणि जाता जाता पुन्हा चोर ठरली असती. मी दोन्ही बाजू मांडून बघितल्या. काम घेतलं.

शिमग्याच्या आधी सेन्सर कायमचे बसवायला गेले. या वेळी भिंतीवर कोणी नव्हतं. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. चिखल वाळून भेगाळला होता. वहिनीने मोटार चालू केली आणि न सांगता पाईपाच्या पलीकडे येऊन बसली. मी कागद फिरवला, तिने टोक धरलं.

"एकदा मोजलां ना, वन्सं? परत कित्याक?"

"दर वेळी मोजायचं. आधीच्यावर विसंबायचं नाही."

"बरां." कागद ताणून धरत म्हणाली, "ह्यां बसला की महिनाअखेर मी जातंय."

"माहीत आहे."

"तुमका माहीत आसतलाच. तुम्हीच बसवतात."

मी पोलादी पट्टी पाईपावर धरली. सेन्सरच्या कडा खुणेवर आणल्या. कायमच्या बसवणीत अंतर चुकून चालत नाही. पुढे वर्षानुवर्षं कोणी तपासणार नसतं.

"त्या दिवशी माप उलट आयलां आसतां," ती म्हणाली, "पाणी खरांच कमी दिसलां आसतां, तर?"

"तर तेच लिहिलं असतं."

"मी चोर म्हणून?"

"पाणी कमी आहे म्हणून."

ती हसली. मी तिला पूर्वी हसताना बघितलं असेल, दादा असताना, पण ते हसणं आठवत नाही. "तुमची आई बरी. तिका मी नको, ती तोंडार सांगता. तुमका मी नको की होई, तांय कळणां ना." मग कागद बाजूला ठेवून तिने हात पदराला पुसले. "चोर म्हणून काढलां आसतां तर गावाच्या लक्षात तरी रवलंय आसतंय. आता कोणी इचारलां, ती खंय गेली, तर सांगतले, मशीन बसलां."

आवाज पकडला गेला होता, तो बघायला हवा होता. प्रमाण शंभर. मी पट्टे आवळले, वर झाकण बसवलं, बोल्ट घट्ट केले. मोटार आपोआप बंद होते का ते बघितलं. झाली. पुन्हा चालू होते का ते बघितलं. तिचा हात बटणाकडे गेला होता सवयीने. मोटार तिच्याआधी सुरू झाली. तिने हात मागे घेतला.

महिनाअखेरीला शेवटची तपासणी होती. मी गेले तेव्हा तिची पेटी पंपघराच्या दाराबाहेर होती, दोरीने बांधलेली. सावंतवाडीकडे एका काजू कारखान्यात तिने काम बघितलं होतं, राहायचं कुठे ते ठरलं नव्हतं. मी म्हटलं, गाडी आहे, पेडण्याच्या स्टँडपर्यंत सोडते, पेटी जड आहे.

"नाका वन्सं. तुमच्या गाडीत बसलंय तर लोकांक वाटतला, घरच्यांनी परत व्हेली."

"लोक बघायला नाहीत कोणी."

"आसत. जनेलां उघडी आसत बघा."

मी बघितलं. समोरच्या वाड्यातल्या घरांच्या खिडक्या खरंच उघड्या होत्या. ती पेटी उचलून रस्त्याला लागली. एकदा खाली ठेवली, हात बदलला, पुन्हा उचलली. मी मशीनचे आकडे उतरवून घेतले. पाणी पूर्ण येत होतं.

डिचोलीला परतताना वाळपईच्या कार्यालयातून फोन आला. सत्तरी तालुक्यातल्या एका पंपघरावर असंच मशीन बसवायचं होतं, पाईप जुना, फाईलला अडीचशे. आमचं काम तिथपर्यंत पोचलं होतं. मी पाईप कुठून आणलेला आहे ते विचारलं, सरळ तुकडा किती लांब मिळेल ते विचारलं, रंगाचे थर किती आहेत तेही विचारलं. तिथे ऑपरेटर कोण आहे, हे विचारलं नाही.